चौदा तास दहा मिनिटं

शुभंकरच्या आधी अजून दोन डबे होते. गिरणीवाल्याने ज्वारी संपवून गहू लावायला घेतले होते, पट्ट्याचा आवाज एकदम चढला होता, आणि त्या आवाजात मोबाइल वाजलेला ऐकू येणं शक्य नव्हतं. मांडीला थरथर जाणवली म्हणून त्याने तो खिशातून काढला. क्लबच्या ग्रुपवर बाळकाकांनी यादी टाकली होती. बाळकाका म्हणजे बाळ परांजपे, खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या होड्या हाकणाऱ्या त्या छोट्याशा क्लबचे चिटणीस. दर वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी, होड्या शेडमध्ये पालथ्या घालून झाल्या, की ते हे काम न चुकता करतात: कोणत्या सभासदाने हंगामात किती तास पाण्यावर काढले याचा हिशेब. वर त्यांच्या स्वभावाला धरून सूचना होती. 'ऑक्टोबर ते मे. वर्षभर होड्यांविषयी बोलणाऱ्यांनी प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ घालवला ते खाली पाहावे. आकडा कमी वाटल्यास चूक वहीची नसून आपली आहे.' त्रेचाळीस नावं होती. पहिल्या नंबरावर दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई, अठ्ठ्याऐंशी तास. मग घसरत घसरत यादी सरासरीला येत होती, तीही काकांनीच काढून दिली होती, एकोणीस तास. म्हणजे आठ महिन्यांत पुरता एक दिवसही नाही. माणसं जॅकेटं घेतात, दोर मागवतात, गाडीच्या काचेवर होडीचं चित्र चिकटवतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला वारा कसा ओळखायचा ते समजावून सांगतात, आणि पाण्यावर असतात एकोणीस तास. एरवी शुभंकरला याचं हसू आलं असतं. पण अंगठा खाली सरकत गेला आणि थांबला. उत्तरेश्वर बारबोले, चौदा तास दहा मिनिटं. त्याखाली शुभंकर दामले, चौदा तास दहा मिनिटं. आणि पुढे काकांचा शेरा: 'जोडी म्हणावी तर अशी. मिनिटाचा फरक नाही.'

फरक होता. चांगला दीड तासाचा होता. उत्तरेश्वरच्या नावापुढे पंधरा तास चाळीस मिनिटं हवी होती, आणि ही गोष्ट अख्ख्या पुण्यात एकट्या शुभंकरला माहीत होती. गिरणीवाला डबा पुढे घ्या म्हणत होता. शुभंकरने डबा पुढे सरकवला, गहू गिरणीच्या तोंडात पडताना बघितले, पीठ किती बारीक हवं या प्रश्नाला नेहमीचं उत्तर दिलं. हात आपले आपण काम करत होते. हातांचा हा गुण त्याला आता मुळीच आवडत नसे. परवा हेमावहिनींचा, उत्तरेश्वरच्या बायकोचा, फोन आला होता. सोमवारी मार्केट यार्डातला गाळा पुतण्याच्या, समर्थच्या, नावावर होतोय, लायसनसकट. ह्यांनीच ठरवलंय, तुम्ही एकदा येऊन भेटून जा, तुम्ही आलात की ते जरा बोलतात. त्या एवढंच म्हणाल्या होत्या. आज शनिवार होता. शुभंकरने दोन दिवस तो फोन मनाच्या एका कोपऱ्यात उभा करून ठेवला होता, शाळेत मुलाला ठेवतात तसा, आणि आता या यादीने त्याला धरून बाहेर आणलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी शिकवणीच्या पहिल्या दिवशी क्लबात वजनकाटा ठेवला होता. दोघांची होडी हलक्या आणि जड माणसाने मिळून चालवली तर बरी चालते, म्हणून जोड्या वजनावर लावल्या. कोथरूडचा, कंपनीत प्रोजेक्ट सांभाळणारा, छप्पन्न किलोचा शुभंकर आणि मार्केट यार्डातला, बार्शीकडून आलेला, ब्याण्णव किलोचा कांद्याचा आडत्या. एरवी ही दोन माणसं पुण्यात समोरासमोर यायचं काही कारण नव्हतं. शनिवारी यार्डातला गाळा बंद, शनिवारी कंपनीला सुट्टी, एवढं त्यांच्यात जुळत होतं. शुभंकर मागे सुकाणूवर, उत्तरेश्वर पुढे. वारा भरला की उत्तरेश्वर कडेवरून बाहेर अंग झोकून द्यायचा आणि होडी जागेवर यायची. तो पाण्यावर बोलायचा नाही. यार्डातही फारसा बोलायचा नाही म्हणे, नुसतं लक्षात ठेवायचा. कोणत्या गावची गाडी, कोणाच्या किती पिशव्या, कोणता माल ओला, कोणता सुका, सगळं डोक्यात. संध्याकाळी दिवाणजी वही उघडायचा आणि हा डोळे मिटून सांगायचा. शुभंकरने एकदा ते पाहिलं होतं. आपल्याला सकाळच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते दुपारी आठवत नाही, आणि हा माणूस साठ नोंदी ओळीने सांगतो, हे पाहून त्याला त्या वेळी थोडा हेवाही वाटला होता. तो हेवा आता आठवला की तोंड कडू होई.

क्लबच्या शेडमध्ये एक फळी आहे. त्रेचाळीस खिळे आणि त्रेचाळीस पितळी बिल्ले, नंबर कोरलेले. पाण्यावर जाताना आपला बिल्ला काढून जॅकेटला अडकवायचा, परत आल्यावर खिळ्यावर लावायचा आणि शेजारच्या वहीत वेळ लिहायची. फळीवर एक जरी खिळा रिकामा असला तरी भैरूने मदतीची मोटारबोट पाण्यातच ठेवायची. भैरू धरणाकाठच्या गावचा, पंधरा वर्षं हेच करणारा. फळी भरली की इंजिन बंद करून भाकरी खायला जायचा. नियम सोपा होता, आणि तो रोज पाळणाऱ्यांनी त्यात आपली एक सोय करून घेतली होती. जोडीतला एक जण होडी बांधायला थांबतो, दुसरा वर चढतो, आणि वर जाणारा दोघांचेही बिल्ले लावतो, दोघांच्याही वेळा लिहितो. धक्क्यावर उतरताना उत्तरेश्वर न बोलता आपला बिल्ला काढून शुभंकरच्या हातावर ठेवायचा. अकरा वर्षं. बाळकाकांना हे माहीत नव्हतं असंही नाही, पण पुण्यातल्या संस्थेत माहीत असणं आणि नोंदीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी शुभंकरला ऑफिसचा फोन आला होता. कुठल्याशा परदेशी गिऱ्हाइकाचं काहीतरी बंद पडलं होतं. होडी धक्क्याला लागली, फोन कानाला होता, उत्तरेश्वरने सवयीने बिल्ला हातावर ठेवला. मग तो जरा घुटमळला. मोठं अंग, आणि चेहऱ्यावर लाज. म्हणाला, एकट्यानं एक फेरी मारून बघू का, अकरा वर्षं झाली सुकाणू धरलेलं नाही. शुभंकर फोनवरच्या माणसाला एक मिनिट म्हणाला आणि उत्तरेश्वरला म्हणाला, मार की. दोन शब्द. ते बोलताना बिल्ला त्याच्याच मुठीत होता आणि परत द्यायचं मनातही आलं नाही. तो पायऱ्या चढला, फोनवर कोणत्या तरी सर्व्हरचं नाव सांगत होता, आणि हातांनी दोन बिल्ले दोन खिळ्यांवर लावले, पेन उचललं, दोन नावांपुढे दहा चाळीस लिहिलं. भैरूने फळी बघितली. सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत शुभंकर बोलतच होता. टेकडीच्या वळणापलीकडे होडी कधी उलटली, शिडाची आडवी दांडी डोक्यात कशी बसली, हे कोणीच पाहिलं नाही. जाळी काढायला आलेल्या एका माणसाला पालथी होडी आणि तिला धरून असलेला माणूस दिसला तोवर बारा वाजत आले होते. काठावर आणलं ते बारा दहाला. डोक्यातलं रक्त वाळून गेलं होतं आणि उत्तरेश्वर शुद्धीत नव्हता म्हणावा असा शुद्धीत होता.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाळकाकांनी विचारलं होतं. भैरू कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. "साहेब, बिल्ले समदे जाग्यावर हुते. म्या दोनदा मोजले," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काका शुभंकरकडे वळले आणि म्हणाले, बिल्ला कोणी लावला? शुभंकरने तोंड उघडलं. त्याला खरंच सांगायचं होतं, हे तो स्वतःला आजही शपथेवर सांगू शकला असता. पण हेमावहिनी दोन पावलांवर उभ्या होत्या, त्यांच्या हातात उत्तरेश्वरचा ओला शर्ट होता, आणि तोंडातून निघालं ते असं: "मी माझा लावला." वाक्य खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढचं सगळं इतरांनीच जुळवलं: उत्तरेश्वर होडी बांधून वर आला असणार, बिल्ला लावला असणार, मग पुन्हा हुक्की आली आणि बिल्ला न घेताच गेला असणार. उत्तरेश्वरला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला हे सांगितलं तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, मग मीच विसरलो असणार. शुभंकरचा शब्द त्याने तपासून पाहिला नाही. गाळ्यावर तो कोणाच्याही शब्दावर विसंबत नसे.

इथपर्यंतही कदाचित निभलं असतं. चूक झाली, माणूस वाचला, चार टाके पडले. पण विसरला तो मार लागायच्या आधी, ही गोष्ट हेमावहिनींच्या लक्षात आली आणि तिथून सगळं फिरलं. मार लागल्यावर विसरणं समजू शकतं; आधीच विसरला असेल तर मूळ कुठे आहे? उत्तरेश्वरचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी बार्शीत स्वतःच्या दुकानातून घरी यायला निघाले आणि घर विसरले होते. पुढची नऊ वर्षं त्यांनी बायकोला मावशी म्हणून हाक मारली. उत्तरेश्वर छप्पन्नचा होता. मेंदूचे फोटो काढले, ते स्वच्छ आले. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला काही दिसत नाही, लक्ष ठेवा. मग घरातले सगळे लक्ष ठेवू लागले. आणि लक्ष ठेवलं तर कोणाचं काय सापडत नाही? चष्मा कुठे ठेवला, कोणाला फोन करायचा राहिला, प्रत्येक गोष्ट पुरावा झाली. गाडीची किल्ली काढून घेतली. दिवाणजी वही उघडून बसला तर हा गप्प राही, आठवत नसे म्हणून नव्हे, आठवलेलं खरं असेल याची खात्री नसे म्हणून. फेब्रुवारीत त्याने गाळ्यावर जाणंच सोडलं. शुभंकर दर पंधरा दिवसांनी भेटायला जात होता. त्याच्या बायकोला, उत्कर्षाला, याचं फार कौतुक. शेजारपाजारच्यांना ती सांगायची, मैत्री असावी तर अशी. तो स्वतः पुन्हा होडीत बसला नाही आणि याचाही लोकांनी चांगलाच अर्थ लावला.

पिठाचा गरम डबा स्कूटरवर पायांत धरून तो घराकडे वळण्याऐवजी सरळ कर्वे रस्त्याला लागला, तेव्हा जायचं ठरवलंय असं त्याला वाटत नव्हतं. म्हात्रे पूल येईपर्यंत वाटेत परत फिरता येईल असे तीन चौक गेले. डब्याची ऊब पोटऱ्यांना लागत होती. तो वाक्यं जुळवत होता. ऑफिसात वाईट बातमी द्यायची असली की तो असंच करायचा: आधी पार्श्वभूमी, मग कारण, मग चूक, शेवटी उपाय. आणि दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्याला ते वाक्य सुचलं. आयतं, गुळगुळीत, कुठेही न टोचणारं. अरे, आज यादी आली, दोघांचे आकडे सारखे बघितले आणि एकदम लख्ख आठवलं, मी फोनवर होतो, बिल्ले मीच लावले. किती साधं होतं ते. उत्तरेश्वरला त्याचं डोकं परत मिळत होतं, गाळा राहत होता, वर येऊन पुन्हा गेलेला माणूस दिसला कसा नाही हा भैरूवरचा ठपकाही जात होता, आणि शुभंकर फक्त विसरभोळा ठरत होता. विसरणं हा काही गुन्हा नाही. सात महिने त्या घराने एका निरोगी माणसाला विसरभोळा म्हणून सांभाळलं, तर खऱ्या विसरभोळ्याला ते का नाही माफ करणार? सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला. स्वारगेट ओलांडेपर्यंत त्याला जवळजवळ हलकं वाटू लागलं होतं, आणि त्या हलकेपणाचीच त्याला किळस आली. पण वाक्य त्याने टाकून दिलं नाही.

बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर हेमावहिनींनी दार उघडलं. बऱ्या वेळेला आलात भावजी, म्हणाल्या. दाराच्या आतल्या बाजूला आता नवी चिठ्ठी लावली होती: गॅस, नळ, किल्ली. गेल्या वेळी ती नव्हती. उत्तरेश्वर सोफ्यावर कागद मांडून बसला होता, सोमवारचे. सात महिन्यांत त्याचं वजन उतरलं होतं. आता होडीत पुढे बसला तर कोणाच्या कामाचा नाही, असं वेडंवाकडं काहीतरी शुभंकरच्या मनात येऊन गेलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. स्वयंपाकघर समोरच होतं, मध्ये पडदाही नव्हता. उत्तरेश्वरने शेजारची वही उघडून आजची तारीख बघितली आणि खाली लिहिलं, शुभंकर आला. तो हल्ली सगळंच लिहून ठेवत असे. ती दोन शब्दांची ओळ बघून शुभंकरची पार्श्वभूमी, कारण, उपाय, सगळी मांडणी कोसळली, आणि तो बसायच्या आधीच बोलला.

"तुझा बिल्ला मी लावला होता."

मग बाकीचं आपोआप आलं, उलटसुलट, धापा टाकत आल्यासारखं. फोन, मूठ, मार की, दहा चाळीस. वहिनी ओट्यापासून वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, भावजी, तुम्ही यांना बरं वाटावं म्हणून हे म्हणताय, तुमचं मन मोठं आहे. शुभंकरने एवढं सगळं ओतून टाकलं आणि बाईंनी ते प्रसाद म्हणून घेतलं. खाली मान घालून गप्प राहिलं तरी आता चाललं असतं. पण उत्तरेश्वर त्याच्याकडे बघत होता. ती नजर शुभंकरने ओळखली. पोतं फोडून मूठभर कांदा हातात घेतला की तो असा बघायचा.

माझा बिल्ला कोणत्या बाजूच्या खिळ्यावर, त्याने विचारलं. वरच्या ओळीत, खिडकीकडून दुसरा, शुभंकर म्हणाला. वेळ कोणत्या पेनने लिहिली? दोरीला बांधलेल्या, हिरव्या. निळं सापडत नव्हतं. मी काय म्हणालो होतो, पुन्हा सांग. शुभंकरने पुन्हा सांगितलं, अकरा वर्षं झाली सुकाणू धरलेलं नाही, हे शब्दसुद्धा. उत्तरेश्वर ते ऐकताना किंचित पुढे झुकला. "म्हणजे चालवली मी. एकट्यानं," तो म्हणाला. वळणापर्यंत गेलास म्हणजे चांगली चालवलीस, वारा उलटा होता त्या दिवशी, शुभंकर म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. उत्तरेश्वर उठला. दाराजवळ गेला, गॅस, नळ, किल्ली ही चिठ्ठी नखाने चारी कोपऱ्यांनी सोडवली, घडी घालून खिशात ठेवली. मग वहिनींना म्हणाला, समर्थला फोन लाव, सोमवारचं राहू दे म्हणावं, मी येतोय गाळ्यावर. त्याचा आवाज जुना होता. वहिनी ओट्याला धरून उभ्या होत्या, त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता आणि तरी बसायला लागला होता. सात महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नसेल असा उत्तरेश्वर हसला, आणि येऊन शुभंकरच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो हात जड होता. शुभंकरला वाटलं, संपलं, सुटलो आपण.

"मीही बघितली क्लबची यादी सकाळी," उत्तरेश्वर म्हणाला. "दोघांचा आकडा सारखा. तो बघून तुझ्या ध्यानात आलं, होय ना?"

तो विचारत नव्हता, देत होता. दांडेकर पुलाच्या सिग्नलला जुळवलेलं ते वाक्य त्यानेच उचलून समोर धरलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. वहिनीही वाट बघत होत्या. खांद्यावरचा हात ऊबदार होता, खिडकीतून खालच्या भाजीवाल्याची हाक येत होती, आणि शुभंकरला जाणवलं की हो म्हटलं तर पुढच्या ऑक्टोबरात आपण दोघं पुन्हा त्याच होडीत असू, तो पुढे, मी मागे, आणि त्याची पाठ मला आयुष्यभर अशीच दिसत राहील.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हात खांद्यावर तसाच राहिला. उत्तरेश्वर मनातल्या मनात काहीतरी मोजत असावा, त्याचे ओठ जरासे हलत होते. हॉस्पिटल, फोटो, फेब्रुवारी, एकेक करून सगळं त्याला आठवत होतं, आता आठवायला कसलीच अडचण नव्हती. मग त्याने हात काढून घेतला, सोफ्यावर जाऊन बसला आणि सोमवारचे कागद एकावर एक नीट रचू लागला. त्याने वर पाहिलं नाही.

"हेमा," तो म्हणाला, "चहा दोनच कप ठेव."

वहिनींनी गॅस अजून पेटवला नव्हता. त्यांनी पातेलं उचललं आणि त्यातलं कपभर पाणी सिंकमध्ये ओतून दिलं.